दारू आणि गर्दच्या व्यसनावरचे उपचार: संशोधन काय सांगतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत पेशंटला घेऊन येणाऱ्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "किती दिवसांत सुटेल?" त्या प्रश्नामागची दमणूक मला कळते. पण गेल्या साठ वर्षांतलं संशोधन वाचत गेलं, की दिवसांचा हिशेब मागे पडतो. माणूस उपचारात किती काळ टिकतो यावरच पुढचं बरंचसं ठरतं, हे पुन्हा पुन्हा दिसतं. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत. ती माहितीसाठी आहेत. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे डॉक्टरांशी बोलूनच करावं.

आठ-दहा दिवस ॲडमिट केलं, अंगातली दारू उतरली. मग उपचार झाले ना?

नाही. ती पूर्वतयारी झाली. त्याला डिटॉक्स म्हणतात. शरीराला दारूशिवाय राहण्याची पुन्हा सवय होईपर्यंतचे धोक्याचे दिवस सुखरूप पार पाडणं, एवढंच त्याचं काम. तलफ, झोप न येणं, चिडचिड आणि जुन्या मित्रांचे फोन हे सगळं घरी परतल्यावर सुरू होतं. पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पिण्याचं प्रमाण सर्वाधिक असतं, आणि नेमक्या त्याच काळात घरचे म्हणतात, "आता बरा झालाय, कशाला उगाच गोळ्या?"

गर्दच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉईनच्या, बाबतीत नुसता डिटॉक्स करून सोडून देणं जीवावर बेतू शकतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

घरच्या घरी दारू एकदम बंद केली तर चालेल का?

रोज भरपूर पिणाऱ्याने हे डॉक्टरांना न विचारता करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, मळमळ होते, झोप उडते. साधारण १२ ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही जणांना भास होतात, दिवस-रात्रीचं भान जातं, ताप चढतो, नाडी जोरात चालते. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात मृत्यू होऊ शकतो. आधी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर या वेळी धोका जास्त धरावा.

हे टाळण्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधं काही दिवस देऊन हळूहळू कमी केली जातात. त्यामागचा पुरावा भक्कम आहे आणि त्यावर आता वाद उरलेला नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती गल्लीतल्या दवाखान्यात अनेकदा राहून जाते. अशक्त, न जेवलेल्या पेशंटला "जरा ताकद येऊ दे" म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावतात. दारूमुळे त्याच्या शरीरातलं थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, आधीच संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं, तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारा: "थायमिन दिलंय का?" हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

दारू सोडण्यासाठी खरंच औषध आहे का? किती उपयोग होतो?

आहे, आणि एकापेक्षा जास्त आहेत. उपयोग मध्यम आहे, पण खरा आहे.

नाल्ट्रेक्सोन ही गोळी दारूतून मिळणारी मजा कमी करते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी तिचे चांगले निकाल प्रसिद्ध केले आणि १९९४ मध्ये तिला तिथे दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. अकॅम्प्रोसेट ही दुसरी गोळी दारू बंद केल्यानंतर मेंदूत जी अस्वस्थता राहते ती शांत करते. ती आधी फ्रान्समध्ये वापरात आली आणि अमेरिकेत २००४ मध्ये पोहोचली.

सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर चित्र असं दिसतं: साधारण अकरा-बारा जणांना अकॅम्प्रोसेट दिलं, तर गोळीशिवाय जो पुन्हा प्यायला लागला असता असा एक माणूस वाचतो. नाल्ट्रेक्सोनचंही जवळपास तेवढंच, फक्त त्याचा फायदा पूर्ण बंद राहण्यापेक्षा बेसुमार पिणं थांबवण्यात जास्त दिसतो. बारात एक हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. पण हृदयविकार टाळण्यासाठी आपण जी औषधं वर्षानुवर्षं निमूट घेतो, त्यांतल्या अनेकांचा फायदा याहून कमी जणांना होतो.

सगळ्यांना एकच गोळी चालत नाही. किडनीचा त्रास असेल तर अकॅम्प्रोसेट जपून द्यावं लागतं. लिव्हर बिघडलेलं असेल तर नाल्ट्रेक्सोनबाबत विचार करावा लागतो. लिव्हर सिरोसिस झालेल्यांसाठी बॅक्लोफेन हा एक पर्याय आहे. २००७ मध्ये इटलीतल्या ८४ सिरोसिसच्या पेशंटवर झालेल्या चाचणीत बॅक्लोफेन घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के दारूपासून दूर राहिले, तर खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्के. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत इतका मोठा फरक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं.

आणि ती "प्यायलं की उलट्या होतात" ती गोळी?

ती डायसल्फिराम. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांना तिचा हा परिणाम दिसला. दारू शरीरात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे मोडलं जातं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवते. मग ॲसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो.

या गोळीचं संशोधन मला सगळ्यांत बोलकं वाटतं. १९८६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांवर मोठी चाचणी झाली, ६०५ पुरुष. वर्षभरानंतर पाहिलं तर दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांच्या प्रमाणात गोळीने फरक पडलेला नव्हता. बरेच जण गोळी नेमाने घेतच नव्हते. मग २००४ मध्ये मुंबईतली चाचणी आली. शंभर पुरुष, अर्ध्यांना डायसल्फिराम, अर्ध्यांना नाल्ट्रेक्सोन, मुदत एक वर्ष. भाग घ्यायची एक अट अशी होती, की घरातलं कुणीतरी सोबत असलं पाहिजे आणि गोळी घेतली जातेय यावर त्या माणसाचं लक्ष असलं पाहिजे. वर्षाच्या शेवटी डायसल्फिराम गटातले ८६ टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोन गटातले ४४ टक्के. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांनी अकॅम्प्रोसेटशी तुलना केली, तेव्हाही डायसल्फिरामचं पारडं जड ठरलं.

गोळी तीच. अमेरिकेत पेशंट एकटा होता, मुंबईत सकाळच्या चहाबरोबर बायको किंवा आई समोर उभी होती. माझ्या मते निकालातल्या फरकाचा मोठा भाग इथे आहे. अर्थात मुंबईच्या चाचणीत कोण कुठली गोळी घेतोय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि डायसल्फिरामच्या बाबतीत दुसरा मार्गही नाही, कारण त्याचं निम्मं काम भीतीच करते. ज्या चाचण्यांत पेशंटला आपली गोळी खरी की खोटी हे माहीत नव्हतं, तिथे फायदा दिसला नाही, यामागचं कारणही तेच. शिवाय ज्यांच्या घरी असं कुणी नाही, त्यांच्याबद्दल मुंबईचा निकाल काहीच सांगत नाही.

मग ती गोळी त्याच्या वरणात न सांगता मिसळली तर?

कृपा करून असं करू नका. "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींमधल्या पावडरींबद्दलही माझं हेच सांगणं आहे. त्यात नेमकं काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

नकळत डायसल्फिराम घेतलेला माणूस नेहमीसारखीच दारू पितो, आणि मग होणारी प्रतिक्रिया हृदयविकार असलेल्यासाठी प्राणघातक ठरू शकते. गोळी बंद केल्यानंतरही साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. खोकल्याच्या काही औषधांत आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, हे गोळी घेणाऱ्याला माहीत असावंच लागतं. आणि वर म्हटलं तसं, गोळीचं काम भीतीवर, म्हणजेच माहितीवर चालतं. जे माहीतच नाही त्याची भीती कशी वाटेल? एकदा हे उघडकीस आलं, की तो माणूस घरच्या जेवणावर आणि डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही, आणि पुढची सगळी वाट अवघड होते.

नुसत्या बोलण्याने दारू सुटते का? समुपदेशन म्हणजे उपदेशच ना?

उपदेशाने सुटत नाही. पण नीट आखलेल्या संवादाने फरक पडतो, आणि त्याचा जगातल्या उत्तम पुराव्यांपैकी एक आपल्या शेजारी गोव्यात तयार झाला आहे.

'संगत' या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही चाचणी केली. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यामागे होते. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची यादी आहे. त्यात १२ ते १९ गुण मिळालेले, म्हणजे दारूने नुकसान व्हायला लागलेलं आहे पण अजून तीव्र व्यसनापर्यंत गेलेले नाहीत असे ३७७ पुरुष निवडले. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, निम्म्यांना त्याबरोबर एक ते चार बैठकांचं समुपदेशन.

समुपदेशक कोण होते, हा यातला खरा भाग. मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राची पदवी घेतलेलेही नव्हते. स्थानिक, शिकलेली साधी माणसं होती, त्यांना नीट प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांच्या कामावर देखरेख होती. तीन महिन्यांनंतर धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचं प्रमाण ३६ विरुद्ध २६ टक्के होतं. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचं प्रमाण ४२ विरुद्ध १८ टक्के. निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. एक वर्षानंतर पुन्हा पाहिलं, तेव्हा धोक्याखाली आलेले ५४ विरुद्ध ३२ टक्के होते. म्हणजे फरक विरला नाही, उलट वाढला. चार बैठकांत! जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या पिण्याच्या प्रमाणात मात्र तीन महिन्यांपर्यंत फरक दिसला नव्हता.

तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ नाही म्हणून काहीच करता येत नाही, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे संशोधन वाचावं. आशा सेविका, परिचारिका, गावातली पदवीधर मुलं यांच्याकडून हे काम होऊ शकतं. पण लक्षात ठेवा, रोज सकाळी उठल्यावर हात थरथरणाऱ्या पेशंटसाठी हा उपाय तपासलेला नाही. त्याला डॉक्टर लागतोच.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगांना पुरावा आहे का? की ती श्रद्धेची गोष्ट?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट. त्याला पुरावा आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त लोक एकत्र घेतले. ए.ए.कडे नीट पद्धतीने वळवणाऱ्या उपचारात वर्षभरानंतर पूर्ण दूर राहिलेले ४२ टक्के निघाले, इतर मान्य मानसोपचारांत ३५ टक्के. खर्चाच्या दृष्टीनेही ए.ए. स्वस्त पडतं, कारण मीटिंगला फी नसते. त्याआधी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच' या १,७२६ जणांच्या चाचणीत तीन वेगवेगळ्या पद्धतींचे, त्यांतली एक ए.ए.कडे वळवणारी, निकाल जवळपास सारखे आले होते.

मीटिंगमध्ये कुणी "गोळ्या म्हणजे कुबड्या, फेकून दे" असं सांगितलं तर ते ऐकू नका. गोळी आणि मीटिंग एकत्र चालतात.

पूर्ण बंदच करायला हवी? कमी केली तर?

तीव्र व्यसन असेल, लिव्हर खराब असेल, फिट येऊन गेली असेल तर पूर्ण बंद. यात मी डॉक्टरांशी घासाघीस करणार नाही. ज्याचं पिणं अजून त्या टोकाला गेलेलं नाही, त्याच्यासाठी कमी करणं हेही संशोधनात मान्य असलेलं ध्येय आहे. मोठ्या चाचण्यांत आता "किती जण पूर्ण कोरडे राहिले" याबरोबर "बेसुमार पिण्याचे दिवस किती कमी झाले" हेही मोजतात.

गर्द, ब्राऊन शुगर, खोकल्याचं औषध, दुखण्याच्या गोळ्या: यांचे उपचार वेगळे का?

कारण ही सगळी अफूच्या कुळातली आहेत. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉईन. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली. हे पदार्थ मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतात, त्याच जागी बसणारी पण सावकाश आणि दीर्घ काळ काम करणारी औषधं आपल्याकडे आहेत: ब्यूप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन. दारूसाठी असं काही नाही. म्हणून दारूच्या उपचारात औषध मदतनीस आहे, तर अफूच्या कुळातल्या व्यसनात औषध हाच उपचाराचा कणा आहे.

पण हे म्हणजे एक व्यसन काढून दुसरं लावणंच झालं ना?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

१९६५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वँडर यांनी २२ हेरॉईनच्या पेशंटना रोज मेथाडोन द्यायला सुरुवात केली. रोज पैशासाठी आणि पुडीसाठी धावणारी माणसं शाळेत आणि कामावर जायला लागली. नशा चढत नव्हती, आणि त्रासही होत नव्हता. तिथून हे शास्त्र सुरू झालं.

२००३ मध्ये स्वीडनमधली एक छोटी चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. चाळीस पेशंट. वीस जणांना रोज १६ मिलिग्रॅम ब्यूप्रेनॉर्फिन वर्षभर. उरलेल्या वीस जणांना सहा दिवसांत औषध कमी करत बंद, आणि पुढे खोटी गोळी. दोन्ही गटांना समुपदेशन आणि गटचर्चा भरपूर. वर्षाच्या शेवटी पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातलं एकही जण नव्हतं, आणि त्यांतले चार जण मरण पावले होते. वीसमधले चार. सहा दिवसांचा डिटॉक्स आणि उत्तम समुपदेशन मिळूनही.

"एक व्यसन जाऊन दुसरं" असं कुणी म्हणालं की मला ही चार माणसं आठवतात. व्यसन म्हणजे एखादा पदार्थ शरीरात असणं एवढंच नाही. त्याच्यापायी घर, काम, तब्येत, प्रामाणिकपणा हातातून जात राहणं आणि तरी थांबता न येणं, हे व्यसन. ब्यूप्रेनॉर्फिन घेऊन सकाळी कामावर जाणारा, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारा माणूस औषधावर आहे, जसा मधुमेहाचा पेशंट इन्सुलिनवर असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. फ्रान्सने १९९५ नंतर साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्यूप्रेनॉर्फिन लिहिण्याची मोकळीक दिली, आणि पुढच्या चारेक वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे चार-पंचमांशाने घटले.

हे औषध किती दिवस घ्यायचं? सहा महिन्यांत बंद करता येईल?

घाईने बंद करू नका. अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर ६५३ जणांची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्यूप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन चालू असताना, बाराव्या आठवड्याच्या शेवटी ४९ टक्के पेशंट चांगल्या स्थितीत होते. औषध कमी करत बंद केल्यावर आठ आठवड्यांनी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास उरले. जास्तीचं समुपदेशन देऊनही यात फरक पडला नाही.

२०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतल्या पेशंटच्या मृत्यूदरांचा आढावा आला. मेथाडोन चालू असताना दर हजारी वर्षाला ११ मृत्यू, बंद असताना ३६. ब्यूप्रेनॉर्फिन चालू असताना ४, बंद असताना ९ ते १०. औषध सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष धोक्याचे.

म्हणून माझं उत्तर: वर्षं लागली तरी चालतील. नोकरी, झोप, नाती स्थिर झाल्यावर, पेशंटची स्वतःची इच्छा असेल तेव्हा, डॉक्टरांबरोबर अगदी सावकाश कमी करा. नातेवाइकांच्या लग्नाच्या तारखेला धरून नको.

नाल्ट्रेक्सोन गर्दसाठीही देतात ना?

देतात. ते मेंदूतल्या त्याच जागा अडवून ठेवतं, म्हणून गर्द घेतली तरी चढत नाही. अडचण अशी, की ते सुरू करण्याआधी साधारण सात ते दहा दिवस अफूच्या कुळातलं काहीही शरीरात नको, नाहीतर तीव्र त्रास उसळतो. आणि रोजची गोळी पेशंट सहज टाळू शकतो. अमेरिकेत महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनची ब्यूप्रेनॉर्फिनशी तुलना ५७० जणांवर झाली. इंजेक्शन गटातल्या २८ टक्क्यांना ते सुरूच करता आलं नाही, ब्यूप्रेनॉर्फिनच्या बाबतीत हे प्रमाण ६ टक्के होतं. एकदा सुरू झाल्यावर मात्र दोन्ही जवळपास सारखीच चालली.

केंद्रातून "स्वच्छ" होऊन आलेला मुलगा गेला, असं का होतं?

कारण शरीराची सहनशक्ती संपलेली असते. सहा महिन्यांपूर्वी जी पुडी त्याला जेमतेम पुरायची, तीच आता श्वास थांबवते. लंडनमध्ये डिटॉक्ससाठी दाखल झालेल्या १३७ जणांचा पुढे माग काढला, तेव्हा ओव्हरडोसने गेलेले सगळे डिटॉक्स पूर्ण केलेल्यांपैकी होते. उपचार अर्धवट टाकून गेलेल्यांपैकी त्या कारणाने कुणी गेलं नव्हतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २००७ मध्ये आला: पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या सुमारे १३ पट.

हे आई-वडिलांना घाबरवण्यासाठी लिहीत नाही. केंद्रातून, हॉस्पिटलातून किंवा तुरुंगातून घरी येण्याआधीच औषध सुरू झालेलं असावं, एवढा आग्रह धरा. आणि पेशंटला स्पष्ट सांगा, की पूर्वीचं प्रमाण आता जीव घेईल. ओठ निळे पडले, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, श्वास मंद झाला तर १०८ ला फोन करा. अफूच्या कुळातल्या पदार्थांचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस परत येतो.

जागा बदलून पाहू का? गावी पाठवला तर सुटेल?

याला एक खरा आधार आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक हेरॉईनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा माग काढला, तेव्हा मायदेशी आल्यानंतर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनी झाले होते.

पण ते सैनिक ज्या जागी व्यसन लागलं ती जागा कायमची सोडून आले होते. तुमचा मुलगा गणपतीनंतर परत त्याच वस्तीत येणार असेल, तर गावच्या तीन महिन्यांनी फक्त सहनशक्ती उतरते, आणि वर लिहिलेला धोका वाढतो. पाठवायचंच असेल तर औषध बरोबर द्या.

सक्सेस रेट किती? एक आकडा सांगा.

"९५ टक्के यश" असं लिहिणाऱ्या केंद्राला दोन गोष्टी विचारा: किती महिन्यांनंतर मोजलं? आणि संपर्कात न राहिलेल्यांना कुठे धरलं? चांगल्या अभ्यासात हरवलेला पेशंट पुन्हा प्यायला लागला असंच धरतात.

२००० सालच्या एका गाजलेल्या आढाव्यात व्यसनाच्या उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के जण पुन्हा वळतात असं मांडलं. दमा आणि उच्च रक्तदाबाचे पेशंटही औषध-पथ्य सोडून जवळपास त्याच प्रमाणात पुन्हा आजारी पडतात. तिथे आपण पेशंटला "तू नालायक आहेस" म्हणत नाही, औषध पुन्हा सुरू करतो. एखाद-दुसरी स्लिप झाली तर उपचार वाया गेले असं समजून घराबाहेर काढू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

उलट बाजूही सांगायला हवी. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात दाखल झालेल्या ५८१ हेरॉईनच्या पेशंटचा तेहतीस वर्षांनी शोध घेतला, तेव्हा निम्मे वारलेले होते. हा आजार थांबून राहत नाही.

तो यायलाच तयार नाही. आम्ही काय करू?

तुम्ही या. एकट्या बायकोने किंवा आईने उपचार सुरू करण्याला अर्थ असतो, आणि हे मोजलेलं आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये दारू पिणाऱ्यांच्या १३० नातेवाइकांना तीन गटांत विभागलं. एका गटाला पेशंट शुद्धीत असताना जवळीक वाढवणं, प्यायलेला असताना बाजूला होणं, स्वतःची सुरक्षितता सांभाळणं आणि योग्य क्षणी उपचाराची गोष्ट काढणं शिकवलं. त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांचा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के आले, फक्त नातेवाइकांच्या आधारगटात जाणाऱ्यांचे १३ टक्के. आधारगट बायकांना स्वतःसाठी लागतोच, तो सोडू नका.

केंद्र कसं निवडायचं?

मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का? औषध देतात का, की "आम्ही गोळ्यांविना करतो" याचा अभिमान बाळगतात? घरी गेल्यावरचा फॉलोअप कसा आहे? घरच्यांना भेटू देतात का? मारहाण, साखळीने बांधणं, उपाशी ठेवणं यातून व्यसन सुटल्याचा कुठलाही पुरावा नाही, आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार साखळदंड घालणं बेकायदा आहे. त्या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात. म्हणजे आपल्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा हक्क पेशंटला आहे.

बायकांवरचं संशोधन कुठे आहे?

फार थोडं. वर आलेल्या मुंबईच्या, गोव्याच्या आणि माजी सैनिकांच्या चाचण्या फक्त पुरुषांवर झाल्या. देशातल्या पाहणीत दारू पिणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १.६ टक्के आणि पुरुषांचं २७.३ टक्के निघालं. पण प्रमाण कमी म्हणजे दुःख कमी असं होत नाही. लाजेपोटी बाई उशिरा येते, तोवर लिव्हर बिघडलेलं असतं. पुण्याच्या मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला. असे विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत हवेत.

वजन कमी करायच्या इंजेक्शनांनी दारू सुटते म्हणे?

त्यांतल्या सेमाग्लुटाइडवर २०२५ मध्ये ४८ जणांची नऊ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. पिण्याचं प्रमाण आणि तलफ कमी झालेली दिसली. आशा ठेवावी, पण आज त्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट बाजूला ठेवू नये.

उपचाराला गेलं तर पोलीस केस होते का?

नाही. डॉक्टर पोलिसांना कळवतील या भीतीने गर्दची मुलं येत नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ उलट संरक्षण देतं: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला आली, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते.

इतकं सगळं माहीत आहे, तर लोकांना मिळत का नाही? आणि कुठे जायचं?

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत, आणि त्यांच्यापैकी अडतिसातल्या एकालाच कसलेतरी उपचार मिळालेले होते. अफूच्या कुळातल्या पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले ७७ लाख. अकॅम्प्रोसेट लहान गावातल्या मेडिकलमध्ये सापडत नाही, ब्यूप्रेनॉर्फिन ठरावीक केंद्रांतच मिळतं. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांचं जाळं उभारलं, तसं महाराष्ट्रात व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं. सुईने नशा करणाऱ्यांसाठी नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) ओएसटी केंद्रं, म्हणजे नशेच्या जागी औषध देणारी केंद्रं, आहेत. तिथे ब्यूप्रेनॉर्फिन मोफत मिळतं.

सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागापासून करा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ हे दोन्ही नंबर मोफत आहेत. फोन करताना चार गोष्टी लिहून जवळ ठेवा: काय घेतो, रोज किती, शेवटचं कधी घेतलं, आणि आधी बंद केलं तेव्हा फिट किंवा भास झाले होते का.